पुढच्या पत्त्याची किंमत

"आम्ही जुगार खेळत नाही, हिशेब करतो," हे वाक्य अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतील तरुणांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. हे तरुण पोकर नावाचा पत्त्यांचा अमेरिकन खेळ खेळतात. त्यांपैकी बहुतेकांचे गणित चांगले असते, कित्येकांनी अभियांत्रिकीची पदवी घेतलेली असते, आणि घरातील वडील मंडळींनी नापसंती दर्शविली की ते शांतपणे टक्केवारी सांगू लागतात. वडील मंडळींस टक्केवारीला उत्तर देता येत नाही. पत्ते म्हणजे नशीब, आज देईल उद्या घेईल, एवढे बोलून ती वर्तमानपत्र उघडतात. आमच्या मते वडिलांचे म्हणणे चुकीचे आहे आणि मुलांचे अर्धे खरे आहे. आणि निखळ चुकीपेक्षा हे अर्धे खरेच खिशाला अधिक महाग पडते. प्रस्तुत लेखात त्याचीच झडती घेण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी सबंध खेळ न घेता आम्ही त्यातील एकच प्रसंग घेतो. आपला हात अजून अपुरा आहे. मनाजोगता पत्ता पडला तर तो बनेल. प्रतिपक्षाने पैसे लावले आहेत. अशा वेळी तेवढेच पैसे भरून डावात राहावे, की पत्ते टाकून द्यावेत? खेळाडूंच्या भाषेत अपुऱ्या हाताला 'ड्रॉ' व भरण्याला 'कॉल' म्हणतात. हिशेबाची सर्वांत मोठी बढाई याच जागी मारली जाते आणि सर्वांत मोठी फसगतही येथेच होते, म्हणून ही निवड.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाही त्यांच्याकरिता दोन शब्द. पोकरचे प्रकार पुष्कळ. सांप्रत सर्वत्र चालतो तो 'टेक्सास होल्डेम' होय. टेक्सासमधील रॉब्सटाउन हे या प्रकाराचे जन्मगाव, असे त्या राज्याच्या विधिमंडळाने २००७ साली ठराव करून मान्य केले आहे. प्रत्येक खेळाडूस दोन पत्ते पालथे मिळतात. नंतर मेजावर सर्वांच्या सामाईक मालकीचे पाच पत्ते उताणे मांडले जातात. पण एकदम नव्हे, आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. आपले दोन व सामाईक पाच अशा सात पत्त्यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा हात सर्वांत भारी, त्याने मध्ये जमलेली रक्कम, म्हणजे पॉट, उचलावयाची. प्रत्येक टप्प्यास पैसे लावण्याची एक फेरी होते. आपल्याकडील तीन पत्तीत वाटलेले तीन पत्ते हेच सर्वस्व. पुढे काही यावयाचे नसते, म्हणून अपुऱ्या हाताचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. होल्डेममध्ये मात्र हात डोळ्यांदेखत वाढतो अथवा वाढत नाही, आणि या वाढीची वाट पाहत बसण्याचे भाडे दर टप्प्यास द्यावे लागते. 'नो-लिमिट' याचा अर्थ असा की या भाड्यास वरची हद्द नाही. प्रतिपक्ष आपल्या पुढ्यातील सर्व रक्कम एका वेळी मध्ये ढकलू शकतो. पोकरची जी जागतिक स्पर्धा १९७० पासून लास व्हेगास येथे भरत आली आहे, तिचा मुख्य सामना याच पद्धतीने होतो. २००३ साली टेनेसीच्या एका हिशेबनिसाने शंभर डॉलरांहूनही कमी खर्चाच्या ऑनलाइन पात्रता-सामन्यातून त्या स्पर्धेत प्रवेश मिळवून २५ लक्ष डॉलर जिंकले. त्याचे आडनाव मनीमेकर. कादंबरीकाराने हे नाव ठेवले असते तर टीकाकारांनी अतिरंजित म्हणून त्यास झोडपले असते. पण ते खरे आहे, आणि तेव्हापासून जगातील यच्चयावत हिशेबनिसांची झोप उडाली आहे.

आता प्रसंग पाहा. आपल्या हाती इस्पिकचा गुलाम व इस्पिकची अठ्ठी आहे. मेजावर इस्पिकचा राजा, इस्पिकची तिर्री आणि बदामची सत्ती पडली. इस्पिकची चार पाने झाली. पाचवे आले की 'फ्लश' हा भारी हात बनला. इस्पिकची तेरा पाने, त्यांतील चार दिसली, उरली नऊ. एकंदर बावन्न, त्यांतील पाच आपण पाहिली, उरली सत्तेचाळीस. पुढचा पत्ता इस्पिकचा पडण्याची शक्यता ४७ त ९, म्हणजे शेकडा १९ हून किंचित अधिक. तो न पडला तर शेवटच्या पत्त्यास ४६ त ९, म्हणजे शेकडा साडेएकोणीस. दोहोंपैकी निदान एक इस्पिक पडण्याची शक्यता शेकडा ३५ ला अगदी थोडी कमी. हा हिशेब निर्विवाद आहे. आम्ही या नऊ पानांस पूरक पत्ते म्हणू. क्रमवार पाच पाने जुळवावयाची असून क्रम दोन्ही टोकांस मोकळा असेल तर पूरक पत्ते आठ असतात. मधले एकच पान हवे असेल तर चार.

या मोजणीस नाके मुरडणारांनी थोडे मागे वळून पाहावे. १६५४ साली पास्कल व फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांमध्ये जो पत्रव्यवहार झाला, त्याचा विषय अर्धवट राहिलेला डाव हाच होता. डाव मध्येच मोडला तर मध्ये ठेवलेली रक्कम उभय पक्षांत कशी वाटावी, असा प्रश्न एका सरदाराने पास्कलपुढे टाकला. त्या दोघांनी उत्तर दिले ते असे की, आतापर्यंत काय झाले हे पाहू नका, पुढे काय काय होऊ शकते ते सर्व मोजा. तीनच वर्षांनी हायगेन्सने त्यावर पुस्तक लिहिले, आणि आज विमा कंपन्यांपासून हवामानखात्यापर्यंत सर्वांस पोसणारे संभाव्यतेचे शास्त्र त्या बीजातून वाढले. आपल्याकडे तर याहून जुनी गोष्ट आहे. वनपर्वातील नलोपाख्यानात विदर्भाच्या वाटेवर राजा ऋतुपर्ण रथातून एक बेहड्याचे झाड पाहतो आणि त्याची पाने व फळे किती ते सांगतो. बाहुकाच्या वेषातील नल रथ थांबवून मोजतो, तो आकडा बरोबर. मग अश्वविद्येच्या बदल्यात राजा त्यास अक्षविद्या देतो आणि नलाच्या अंगातील कली बाहेर पडतो. द्यूताने बुडालेला मनुष्य मोजणी शिकल्यावर सावरतो, ही कल्पना ज्या कवीस सुचली त्यास दैववादी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तात्पर्य, मोजणीशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते झाडावर नसलेली फळे मोजणारांशी.

पूरक पत्ते मोजणे म्हणजे मालाचा दर्जा ओळखणे. खरेदी करावी की नाही हे भावावर ठरते. शेवटचा पत्ता यावयाचा आहे, पॉटमध्ये १,००० रुपये आहेत आणि प्रतिपक्षाने ५०० लावले, असे समजा. आपण ५०० देऊन १,५०० साठी झगडतो. आपले धरून एकूण २,०००. म्हणजे चार खेपांत एकदा जिंकलो तर बरोबरी. आपली शक्यता तर पाचांत एकाहूनही थोडी कमी. भाव महाग आहे. कॉल करू नये. त्याने १,००० लावले तर तीन खेपांत एकदा जिंकणे भाग. भाव अधिकच महाग. उलट त्याने ३०० च लावले, तर १,६०० पैकी ३०० आपले, म्हणजे शेकडा पावणेएकोणीस. येथे कॉल रास्त. हिशेब केल्यास असे दिसते की, एकच पत्ता यावयाचा असता नऊ पूरक पत्त्यांच्या हातास पॉटच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंतचीच मागणी परवडते. नो-लिमिटमध्ये मागणी किती करावी हे प्रतिपक्षाच्या हाती असते, आणि जाणता प्रतिपक्ष एक तृतीयांशावर थांबत नाही. या पद्धतीचे मर्म यातच आहे. जेथे मागणीस ठराविक हद्द असते अशा जुन्या पद्धतीत पॉट मोठा व मागणी लहान असल्याने ड्रॉवाल्यास भाव बहुधा अनुकूल पडे. तेथील सवय घेऊन जो येथे येतो तो पहिल्या तासातच पाहुण्याचा यजमान होतो.

येथपर्यंतचे गणित पाचवीतल्या मुलासही अर्ध्या तासात शिकवता येईल. आमचे तरुण मित्र ते शिकलेलेही असतात, आणि तरीही कॉल करतात. कसे, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली युक्ती अशी. खेळाडूंमध्ये एक सुटसुटीत नियम प्रसिद्ध आहे: दोन पत्ते यावयाचे असता पूरक पत्त्यांस चाराने गुणावे, एक यावयाचा असता दोनाने, जे येईल ती टक्केवारी. नऊ चोक छत्तीस, नऊ दुणे अठरा. खऱ्या उत्तराच्या पुष्कळ जवळ. नियमात दोष नाही. पण मेजावर तीन पत्ते पडताच आमचा मित्र 'छत्तीस' असे मनाशी म्हणतो, प्रतिपक्षाच्या हजाराच्या मागणीस तेहतीस टक्के पुरतात हे आठवतो, आणि समाधानाने पैसे भरतो. छत्तीस टक्के हा दोन पत्त्यांचा भाव आहे आणि त्याने पैसे एका पत्त्याचे दिले आहेत! पुढचा पत्ता कोरा गेला की प्रतिपक्ष पुन्हा मागणी करणार, आणि आता पॉट ३,००० झाल्यामुळे ती मागणीही मोठी असणार. दोन पत्ते पाहण्याचा हक्क एका किमतीत मिळतो तो एकाच परिस्थितीत: जेव्हा प्रतिपक्षाने आपले सर्वस्व आताच पुढे ढकलले असेल आणि यापुढे मागण्यास त्याच्यापाशी काही उरले नसेल. यातून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट निघते. पॉट १,०००, प्रतिपक्षाने शेवटचे १,००० लावले, नऊही पूरक पत्ते निर्दोष असतील तर कॉल योग्य. तोच पॉट, तीच मागणी, पण त्याच्या पुढ्यात आणखी दहा हजार शिल्लक. आता तोच कॉल नुसत्या पॉटच्या भावावर अयोग्य. नवशिक्यास पहिला प्रसंग भयंकर व दुसरा किरकोळ वाटतो, कारण 'सर्वस्व' या शब्दाने छाती धडधडते. त्याचा धीर आणि त्याचे भय दोन्ही चुकीच्या जागी असतात.

हा दोष दाखवून दिला की मित्र दुसरी युक्ती काढतो, आणि ती अधिक विद्वत्तापूर्ण आहे. इंग्रजीत तिला 'इम्प्लाइड ऑड्स' म्हणतात. आम्ही तिला व्याकरणातील शब्द उसना घेऊन 'अध्याहृत भाव' म्हणू, कारण वाक्यात नसलेला पण असल्याचा मानलेला शब्द जसा, तसाच हा पॉटमध्ये नसलेला पण येणार मानलेला पैसा. डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या १९८७ च्या 'द थिअरी ऑफ पोकर' या पुस्तकात या कल्पनेचे जे सविस्तर विवेचन आहे, त्यावर खेळाडूंच्या पिढ्या वाढल्या. कल्पना अशी: आज भाव महाग दिसला तरी माझा पत्ता पडल्यावर प्रतिपक्ष मला आणखी पैसे देईल, तेही हिशेबात धरले पाहिजेत. सिद्धांत म्हणून हे बिनचूक आहे. नो-लिमिटमध्ये, जेथे पुढ्यातील सगळी रक्कम केव्हाही मध्ये येऊ शकते, तेथे तर हे न धरणे हाच अडाणीपणा ठरेल. पण बिनचूक सिद्धांताचा उपयोग कोण कशासाठी करतो हे पाहावे लागते. ज्याला पत्ते टाकवत नाहीत त्याला हा सिद्धांत म्हणजे नातेवाइकाचे जामीनपत्रच होय. रक्कम कितीही लिहा, सही आहेच.

आपण ती रक्कम लिहून पाहू. शेवटचा पत्ता यावयाचा आहे, पॉट १,०००, मागणी १,०००. असा प्रसंग ४६ वेळा आला असे धरा. ३७ वेळा इस्पिक पडणार नाही आणि आपले ३७,००० जातील. उरलेल्या ९ वेळांत ते भरून निघावयाचे तर प्रत्येक वेळी ४,१११ रुपये मिळाले पाहिजेत. पॉटमध्ये आज २,००० आहेत. म्हणजे इस्पिक पडल्यावर प्रतिपक्षाने सरासरीने आणखी २,१११ रुपये द्यावयास हवेत, आणि तेही केवळ बरोबरी साधण्यासाठी. सरासरी या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. प्रतिपक्ष दोन खेपांत एकदाच पैसे देणारा असेल, तर त्या एका खेपेस त्याने ४,२२२ रुपये दिले पाहिजेत, आणि तेव्हा पॉट असतो ३,००० चा. आता स्वतःस विचारा: मेजावर इस्पिकची तीन पाने उताणी पडली आहेत, आपण आतापर्यंत मुकाट्याने पैसे भरत आलो आहोत, आणि तिसरे इस्पिक पडताच एकाएकी चार हजारांची आरोळी ठोकतो आहोत. ज्याच्यापाशी राजाची एक जोडी आहे तो मनुष्य कोणत्या कारणाने चार हजार देईल? आंधळा असेल तर देईल. फ्लश हा असा हात आहे की तो बनल्याची दवंडी मेजच पिटतो.

क्रमवार हाताची गोष्ट निराळी आहे, आणि येथे सिद्धांताचा खरा उपयोग दिसतो. हाती सत्ती-अठ्ठी, मेजावर राजा, नव्वी, पंजी, तिन्ही निरनिराळ्या रंगांची. छक्की पडली तर पंजीपासून नव्वीपर्यंत क्रम लागतो. ज्याच्यापाशी एक्का-राजा आहे त्याला ती छक्की निरुपद्रवी दिसेल आणि तो निर्धास्तपणे पैसे लावत राहील. असा लपलेला हात मोबदला मिळवतो. पण पूरक पत्ते चारच. शेवटच्या पत्त्यास ४२ विरुद्ध ४, म्हणजे साडेदहास एक. लपण्याची किंमत दुर्मिळतेने वसूल केली जाते. ज्याच्यापाशी देण्यास पुष्कळ आहे आणि ज्याला आपला हात टाकवत नाही, असा प्रतिपक्ष असेल व मागणी लहान असेल तरच हा व्यापार करावा. पुढ्यात मोजके पैसे असलेल्या माणसाकडून अध्याहृत काहीच येत नाही. त्याच्यापाशी ते नसतेच. एवढी उघड गोष्ट विसरून समोरच्या ढिगाकडे न पाहता कॉल करणारे आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांत वाणिज्य शाखेचे पदवीधरही होते.

शिवाय येणाऱ्या पैशाची गणना करणारे जाणाऱ्या पैशाची करीत नाहीत. वरच्या उदाहरणात आपले मोठे इस्पिक गुलाम आहे. राजा मेजावर आहे. एक्का व राणी कोठे आहेत? ज्याच्या हाती त्यांपैकी एखादे पान आणखी एका इस्पिकासह असेल, त्याचाही फ्लश त्याच क्षणी बनतो, आणि तो आपल्यापेक्षा भारी असतो. त्या वेळी चार हजार देण्यास मनुष्य तयार सापडतो खरा, पण ते चार हजार आपल्याकडून घेण्यासाठी. तसेच प्रतिपक्षापाशी एकाच किमतीची तीन पाने जमली असतील, तर मेजावरील एखाद्या पानाची जोड पडताच त्याचा 'फुल हाऊस' होऊन आपला फ्लश फुकट जातो; अशा हातापुढे दोन पत्ते यावयाचे असताही फ्लशच्या आशेची शक्यता ३५ वरून सुमारे चौथ्या हिश्शावर उतरते. म्हणून पूरक पत्ते नऊ असले तरी ते सर्व सारख्या मोलाचे नसतात. एक्क्याच्या फ्लशची वाट पाहणे आणि अठ्ठीच्या फ्लशची वाट पाहणे या एकाच टक्केवारीच्या दोन गोष्टी आहेत, पण त्यांची किंमत एक नाही. टक्केवारीच्या कोष्टकात हा रकाना नसतो.

बसण्याची जागाही पाहावी लागते. जो शेवटी बोलतो त्याला इतरांचे मनोगत कळल्यावर निर्णय घेता येतो. पत्ता न पडल्यास, आणि प्रतिपक्ष गप्प राहिल्यास, त्याला पुढचा पत्ता फुकटही पाहता येतो. ज्याला आधी बोलावे लागते त्याचा फ्लश बनला तरी तो पेचात: पैसे लावावेत तर समोरचा पळतो, गप्प बसावे तर तोही गप्प बसतो. तेच पत्ते, तोच भाव, पण खुर्ची बदलली की कॉल बदलतो.

आणि मुळात कॉलच का? आमच्या मते अपुऱ्या हाताचा कॉल हा त्या हाताचा सर्वांत दुबळा उपयोग आहे. कॉल करणारास जिंकण्याचा एकच मार्ग उरतो, पत्ता पडण्याचा. तोच मनुष्य स्वतः मागणी वाढवील तर मार्ग दोन होतात: प्रतिपक्ष घाबरून पत्ते टाकील, अथवा पत्ता पडेल. स्क्लान्स्कींनी यास अर्धी हूल म्हटले आहे, आणि नाव सार्थ आहे. हूल फसली तरी हातात काही उरते. एकाच वेळी फ्लश व दोन्ही टोकांस मोकळा क्रम, असे पंधरा पूरक पत्ते असतील तर दोन पत्त्यांत हात बनण्याची शक्यता शेकडा ५४ होते. अशा वेळी मुकाट्याने भरत बसणे म्हणजे स्वतःच्या घरात भाडेकरू होऊन राहणे. अर्थात हूल देण्यास समोरचा मनुष्य पत्ते टाकणारा असावा लागतो. जो कधीच टाकत नाही त्यास हूल देऊ नये. त्याच्यापुढे स्वस्तात पत्ता पाहावा आणि बनल्यावर भरपूर मागावे. म्हणजे येथेही प्रश्न पत्त्यांचा नाही, माणसाचा आहे.

यावर आमचे मित्र म्हणतील की, मोठे खेळाडू तर याहून कितीतरी महाग भावात कॉल करताना दिसतात, यंत्रेही करतात. खरे आहे. २०१५ साली कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाने मर्यादित मागणीचा दोघांचा होल्डेम जवळजवळ पूर्णपणे सोडवल्याचे जाहीर केले. अमर्याद मागणीचा खेळ तसा सुटला नाही. पण २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस नावाच्या यंत्राने पिट्सबर्ग येथे चार धंदेवाईक खेळाडूंस त्यात हरवले, आणि २०१९ साली प्लुरिबसने सहा जणांच्या मेजावरही तेच केले. पहिला खेळ सुटतो आणि दुसरा सुटत नाही, यातच आमचे म्हणणे आले आहे. पत्ते दोन्हीकडे बावन्नच. जेथे मागणीची हद्द काढली तेथे शक्यतांचा पसारा आटोक्याबाहेर गेला. ही यंत्रे कॉल करतात तेव्हा एका हातापुरता विचार करीत नाहीत. आपण येथे नेहमीच पत्ते टाकले तर प्रतिपक्ष आपणांस नेहमीच हुसकावील, म्हणून कोणत्या हातांनी किती वेळा टिकावे याचे त्यांनी आधी कोट्यवधी डावांत गणित बसवलेले असते. ते गणित ज्याने केले आहे त्याने खुशाल कॉल करावा. ज्याने नऊ चोक छत्तीस एवढेच केले आहे त्याने यंत्राचा दाखला देणे म्हणजे विमानचालक ढगात शिरतो म्हणून आपणही सायकल ढगात घालण्यासारखे आहे.

वडील मंडळींच्या पक्षाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, नाही तर त्यांचा जय झाला असा समज व्हावयाचा. निव्वळ नशीब असते तर मागणी एक तृतीयांश ठेवणे आणि दुप्पट ठेवणे यांत भेद राहिला नसता. भेद आहे. पण तो इतक्या उशिरा दिसतो की नशीबच दिसते. शेवटच्या पत्त्यास नऊ पूरक पत्ते असता लागोपाठ दहा वेळा एकही न पडणे, ही गोष्ट नऊ खेपांत साधारण एकदा घडते. म्हणजे योग्य भावात योग्य कॉल करणाराही दहाच्या दहा वेळा हरलेला तुम्हांस सहज आढळेल, आणि महाग भावात कॉल करणाराने त्याच संध्याकाळी दोनदा इस्पिक पाडून सर्वांस चहा पाजलेला असेल. त्या चहाची आठवण राहते. सदतीस कोऱ्या पत्त्यांची कोण ठेवतो?

आपल्याकडील कायद्यानेही या दोन पक्षांत पुष्कळ येरझारा घातल्या. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळास वगळले. १९५७ साली चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धा व जुगार यांत रेषा ओढली. १९६७ साली रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरला. पोकरविषयी उच्च न्यायालयांचे मतैक्य झाले नाही; २०१७ साली गुजरातच्या न्यायालयाने त्यास जुगार म्हटले, इतरत्र त्यास कौशल्य म्हटले गेले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा संमत केला, आणि त्यात कौशल्य की दैव हा भेदच ठेवला नाही. या कायद्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. आम्हांस नवल वाटते ते याचे की, 'कौशल्याचा खेळ' हे शब्द इतकी वर्षे जाहिरातींतून वाचूनही आमच्या मित्रांनी एक प्रश्न कधी विचारला नाही: कौशल्य कोणाचे? पोकरमध्ये पैसा निर्माण होत नाही, तो एका खिशातून दुसऱ्यात जातो. कुशल मनुष्य जिंकतो याचा अर्थच अकुशल मनुष्य हरतो. जाहिरात दोघांनाही तेच वाक्य वाचून दाखवते आणि दोघेही स्वतःस पहिला समजतात. पूरक पत्ते मोजता येणे ही मेजावर बसणाऱ्या प्रत्येकापाशी असलेली विद्या आहे. सर्वांपाशी असलेल्या विद्येचा कोणास फायदा होत नाही.

आणखी एक भागीदार आहे, ज्याचे पत्ते कोणी पाहत नाही. मेज चालवणारा, मग तो मांडवीतील जहाजावरचा कॅसिनो असो वा दूरदेशची क्लब, बहुधा प्रत्येक मोठ्या पॉटमधून काही हिस्सा कापून घेतो. आम्ही वर ज्या एका कॉलला निःशंक योग्य म्हटले, तोच घेऊ: पॉट १,०००, प्रतिपक्षाचे शेवटचे १,०००, आपले १,०००, दोन पत्ते यावयाचे, नऊही पूरक पत्ते निर्दोष. एकूण ३,००० झाले. मेजवाल्याचा हिस्सा शेकडा पाच धरा. १५० गेले, उरले २,८५०. फ्लश बनण्याची शक्यता २,१६२ त ७५६. गुणाकार केला तर आपल्या १,००० रुपयांचे सरासरीने ९९६ रुपये व काही पैसे हाती येतात. म्हणजे तिन्ही चुका टाळून, खुर्ची, माणूस, रंग सर्व पाहून केलेल्या या कॉलवर दर खेपेस सुमारे साडेतीन रुपयांचा तोटा, आणि पत्ता कोणताही पडो, मेजवाल्यास दीडशे.